निवडणूक न होता नेता बदलला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंत्रालयात किंवा दिल्लीत खुर्चीवरचा माणूस बदलला की आमच्याकडे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. काही स्पर्धा परीक्षेच्या तयारीतून आलेले असतात, काही चांगलेच संतापलेले. त्यातले सर्वाधिक आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांच्याबाबतचे नियम जवळपास सारखेच आहेत. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे. एकदा दिलेलं उत्तर पुन्हा लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही एका नेत्याला मुख्यमंत्री करायचं म्हणून मत दिलं. मध्येच दुसराच त्या खुर्चीत बसला. हे कायदेशीर आहे का?

हो. मतदानयंत्रावर मुख्यमंत्रिपदासाठी वेगळं बटण नसतं. तुम्ही निवडता तो तुमच्या मतदारसंघाचा आमदार. राज्यघटनेचं कलम १६४ सांगतं की मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतील आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील. केंद्रासाठी हेच कलम ७५ मध्ये आहे. याचा अर्थ असा, की ज्याच्या मागे सभागृहाचं बहुमत, तो मुख्यमंत्री. आणि बहुमत दुसऱ्याकडे गेलं तर पदही त्याच्याकडे जातं.

अर्थात, पक्ष प्रचार करतात तो एका चेहऱ्यावर. गावोगावच्या फलकांवर उमेदवाराचा फोटो कोपऱ्यात आणि नेत्याचा मधोमध असतो. तेव्हा ‘आम्हाला फसवलं’ असं वाटणाऱ्या मतदाराला घटनेचं कलम वाचून दाखवणं हे पुरतं उत्तर नव्हे. त्याबद्दल प्रश्न ५ पाहा.

२. घटनाकारांनी अशी सोय ठेवलीच का? एकदा पाच वर्षांसाठी निवडून दिलं की विषय संपला, असं का नाही?

हा प्रश्न संविधान सभेतही चर्चेला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन पद्धतींची तुलना केली. अमेरिकेसारख्या अध्यक्षीय पद्धतीत सरकार स्थिर राहतं, पण त्याच्या कामाचा हिशेब ठरावीक मुदतीनेच होतो. संसदीय पद्धतीत तो रोज होतो: प्रश्नोत्तरं, ठराव, अविश्वास प्रस्ताव, चर्चा. शिवाय निवडणुकीला मतदारांकडून होतो तो वेगळा. स्थैर्य आणि उत्तरदायित्व दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत, आणि मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलं आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

रोजचा हिशेब घ्यायचा अधिकार सभागृहाला दिला, की नापास झालेल्याला काढायचा अधिकारही ओघाने आला. मधल्या काळातला नेतृत्वबदल ही या पद्धतीतली पळवाट नाही, तिचा तो गाभाच आहे. तक्रार करायचीच तर अशी करावी लागेल, की बहुतेक बदलांत हा हिशेब सभागृहात झालेलाच नसतो.

३. हे प्रकार हल्लीच वाढलेत का? पूर्वीचे मुख्यमंत्री पाच वर्षं टिकायचे ना?

नाही हो. महाराष्ट्रात एका विधानसभेची पूर्ण मुदत मुख्यमंत्रिपदी काढणारे दोनच: वसंतराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस (२०१४ ते २०१९). त्यातही नाईक पहिल्यांदा आले ते निवडणुकीतून नव्हे. १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यांच्या जागी मारोतराव कन्नमवार आले, १९६३ मध्ये त्यांचं पदावर असतानाच निधन झालं आणि मग नाईक आले. मधले काही दिवसांचे हंगामी मुख्यमंत्री सोडले, तरी एकाच विधानसभेने तीन मुख्यमंत्री पाहिले.

ऐंशीच्या दशकात तर ही नित्याची बाब होती. १९८० च्या विधानसभेत बॅ. अंतुले, बाबासाहेब भोसले आणि वसंतदादा पाटील. १९८५ च्या विधानसभेत वसंतदादा, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार. यातले बहुतेक बदल दिल्लीत ठरले आणि मुंबईत जाहीर झाले. ‘पक्षश्रेष्ठी’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत मुरला तो याच काळात. युतीच्या राजवटीतही वेगळं घडलं नाही. १९९९ च्या सुरुवातीला मनोहर जोशींच्या जागी नारायण राणे आले. तो निर्णय मातोश्रीवर झाला. पुढे विलासरावांच्या जागी सुशीलकुमार शिंदे (२००३), पुन्हा विलासरावांच्या जागी अशोक चव्हाण (२००८), त्यांच्या जागी पृथ्वीराज चव्हाण (२०१०).

२००४ चा किस्सा आणखी वेगळा. निवडणूक झाली तेव्हा मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे होते, आघाडी जिंकली आणि शपथ घेतली विलासरावांनी. २०२४ मध्येही एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना महायुतीने निवडणूक जिंकली आणि मुख्यमंत्री झाले फडणवीस. म्हणजे चेहरा बदलायला निवडणुकीनंतरची दोन-तीन वर्षं जावी लागतात असंही नाही.

केंद्रात शास्त्री, इंदिरा गांधी (१९६६), चरणसिंग, राजीव गांधी, चंद्रशेखर आणि गुजराल हे सगळे दोन निवडणुकांच्या मधल्या काळात पंतप्रधान झाले.

४. पंतप्रधानांचं अचानक निधन झालं तर त्या रात्री देश कोण चालवतो?

पंतप्रधान गेले की त्यांचं मंत्रिमंडळही तांत्रिकदृष्ट्या संपतं, आणि ‘हंगामी पंतप्रधान’ असं पद घटनेत नाही. त्यामुळे राष्ट्रपतींना लगेच कोणालातरी नेमावंच लागतं. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले, त्याच दिवशी गुलझारीलाल नंदांना शपथ दिली गेली. पक्षाने नेता निवडल्यावर ९ जूनला शास्त्री आले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये शास्त्रींचं निधन झालं, पुन्हा नंदा. तेव्हा मात्र काँग्रेस संसदीय पक्षात चक्क मतदान झालं. इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजी देसाईंना १६९ मतं पडली. आपल्याकडे पंतप्रधान ठरवताना पक्षाच्या खासदारांनी मोजून मतं दिली, असे प्रसंग फार नाहीत.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी हा पायंडा मोडला. इंदिराजींच्या हत्येच्या दिवशीच राष्ट्रपती झैलसिंग यांनी राजीव गांधींना शपथ दिली. मधला नंदा कोणी नव्हता. त्यावर टीका झाली, पण दोन महिन्यांच्या आत, डिसेंबरमध्ये, लोकसभेची निवडणूक झाली आणि वाद मागे पडला.

गोव्यात मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी गेले. डॉ. प्रमोद सावंत यांचा शपथविधी १९ तारखेला पहाटे दोनच्या सुमारास झाला आणि २० तारखेला त्यांनी विधानसभेत २० विरुद्ध १५ मतांनी विश्वास मिळवला. शपथेची वेळ विचित्र होती हे खरं, पण बहुमताचा आकडा दुसऱ्याच दिवशी सर्वांसमोर आला.

५. कायद्याचं कळलं. पण जनतेच्या कौलाचं काय? नव्या नेत्याला नैतिक अधिकार असतो का?

खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर हो-नाही मध्ये मिळत नाही. अधिकृतता कमी-जास्त असू शकते. आम्ही ती जोखताना काही गोष्टी पाहतो.

पहिली, पक्ष किंवा आघाडी तीच राहिली का. १९९९ मध्ये जोशींचे राणे झाले किंवा सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातेत विजय रूपाणींसह अख्खं मंत्रिमंडळ बदलून भूपेंद्र पटेल आले, तेव्हा मतदाराने दिलेली सत्ता त्याच पक्षाकडे राहिली. चेहरा बदलला, कौल फिरला नाही. निवडणुकीत ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्यांच्याशीच हातमिळवणी झाली तर गोष्ट वेगळी होते. २०१९ मध्ये भाजपबरोबर युती करून लढलेली शिवसेना दोन्ही काँग्रेसबरोबर गेली, तेव्हा कौल वाकवला गेला. २०२२ मध्ये पक्ष फोडून सत्ता पालटली, तेव्हाही वाकवला गेला. ‘तुम्ही आधी केलंत’ हे दोन्ही बाजूंचं आवडतं उत्तर आहे. मतदाराच्या दृष्टीने दोन चुकांची वजाबाकी होत नाही.

दुसरी, कार्यक्रम तोच आहे का. ब्रिटनचं उदाहरण इथे बोलकं आहे. २०१९ ची निवडणूक बोरिस जॉन्सन यांनी एका जाहीरनाम्यावर जिंकली. सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या आणि मतदारांपुढे कधीही न ठेवलेली मोठी करकपात त्यांनी जाहीर केली. बाजार कोसळला आणि ४९ दिवसांत त्या पायउतार झाल्या. त्यांची नेमणूक नियमानुसारच झाली होती. पण त्या धोरणासाठी कोणी कौल दिला होता, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरी, बदल कुठे झाला. सभागृहात, नावानिशी मतं देऊन झाला, की हॉटेलात, बसच्या काचांना पडदे लावून? आमच्या मते हीच कसोटी सगळ्यात मोलाची, कारण पहिल्या दोन गोष्टींवर मतभेद होऊ शकतात, हिच्यावर होत नाहीत. ज्या आमदाराला आपला निर्णय मतदारापुढे उभं राहून सांगता येतो, त्याला सुरत-गुवाहाटीची वारी करून झाडी-डोंगर पाहण्याची गरज पडत नाही.

चौथी, मुदत किती उरली आहे. सहा महिने उरले असतील तर लोक थांबतात. चार वर्षं उरली असतील तर रोष साठत जातो.

६. जो विधानसभेचा किंवा संसदेचा सदस्यच नाही, तो थेट मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान कसा होतो?

कलम ७५(५) आणि १६४(४) मुळे. सदस्य नसलेला माणूस मंत्री होऊ शकतो, पण सलग सहा महिन्यांत तो सदस्य झाला नाही तर त्याचं मंत्रिपद संपतं. ही सवलत मंत्र्यांसाठी आहे, पंतप्रधानांसाठी नाही, असा युक्तिवाद देवेगौडांच्या नेमणुकीविरुद्ध झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो फेटाळला. १९९१ मध्ये नरसिंह राव पंतप्रधान झाले तेव्हा तेही खासदार नव्हते, नंतर नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले. पृथ्वीराज चव्हाण २०१० मध्ये दिल्लीहून आले आणि विधान परिषदेवर गेले.

उद्धव ठाकरे यांची वेळ मात्र अगदी कसोटीची होती. शपथ २८ नोव्हेंबर २०१९ ची, मुदत मे २०२० अखेर संपणार, आणि कोविडमुळे निवडणुका पुढे ढकललेल्या. राज्यपालनियुक्त जागेवर नेमावं अशी शिफारस मंत्रिमंडळाने केली, ती प्रलंबित राहिली. अखेर निवडणूक आयोगाने परिषदेची निवडणूक घ्यायचं ठरवलं आणि ठाकरे मेमध्ये बिनविरोध निवडून आले. महामारीच्या ऐन भरात राज्याचं सरकार काही आठवडे एका तांत्रिक तारखेला टांगलेलं होतं.

७. सहा महिने संपायच्या आत राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेतली तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं का?

पंजाबात एका मंत्र्याबाबत हेच झालं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं की त्याच विधानसभेच्या मुदतीत निवडून न येता असं पुन्हा नेमणं ही घटनेची थट्टा आहे. सवलत एकदाच.

त्याच वर्षीचा दुसरा निकाल जयललितांचा. शिक्षा झाल्यामुळे त्या निवडणूक लढवण्यास अपात्र होत्या, तरी पक्षाला बहुमत मिळालं म्हणून मुख्यमंत्री झाल्या. न्यायालयाने नेमणूक रद्द केली: जो सदस्य होण्यासच पात्र नाही, त्याला सहा महिन्यांची सवलतही नाही, मग मागे कितीही मोठं बहुमत असो.

उत्तराखंडात २०२१ मध्ये एक विचित्र पेच आला. तीरथसिंह रावत खासदार असताना मार्चमध्ये मुख्यमंत्री झाले. पण विधानसभेची मुदत वर्षाहून कमी उरली की पोटनिवडणूक घेण्याचं बंधन राहत नाही, आणि राज्यात विधान परिषदही नाही. सभागृहात शिरायचं दार दिसेना, त्यांनी जुलैत राजीनामा दिला.

८. स्वतःची जागा हरलेला नेता मुख्यमंत्री झाला, हे जनतेने नाकारल्यावरही?

प्रश्न ६ मधलाच नियम लागू होतो. २०२१ मध्ये ममता बॅनर्जी नंदीग्राममध्ये हरल्या आणि भवानीपूरची पोटनिवडणूक जिंकल्या; २०२२ मध्ये पुष्करसिंह धामी खटिमात हरले आणि चंपावतमधून आले. दोघांच्याही पक्षांना स्पष्ट बहुमत होतं. एका मतदारसंघाने नाकारलं, राज्याने नाही. सहा महिन्यांत दुसऱ्या मतदारसंघाने स्वीकारलं की आक्षेपात फारसं उरत नाही.

९. पंतप्रधान राज्यसभेचे असतील तर ते लोकसभेत स्वतःच्या सरकारसाठी मत देऊ शकतात का?

बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. जुलै २००८ मध्ये मनमोहनसिंग सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वास जिंकला, त्या २७५ मध्ये खुद्द पंतप्रधानांचं मत नव्हतं.

उलट टोकाचं उदाहरण १७ एप्रिल १९९९ चं. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. विरोधात मत देणाऱ्यांत गिरिधर गमांग होते, जे दोन महिन्यांपासून ओडिशाचे मुख्यमंत्री होते; पण लोकसभेचा राजीनामा त्यांनी अजून दिलेला नव्हता. नियमात बसत होतं. शोभत होतं का, यावर आजही वाद होतो.

१०. बहुमत आहे की नाही हे राज्यपाल ठरवतात का? राजभवनात आमदारांची ओळखपरेड कशासाठी?

ठरवतं सभागृह. एस. आर. बोम्मई खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. राजभवनातली ओळखपरेड आणि सह्यांची पत्रं ही फार तर सुरुवात, निकाल नव्हे.

तरी वेळेचा खेळ राज्यपालांच्या हाती राहतोच: कोणाला आधी बोलवायचं, किती दिवस द्यायचे. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या सुमारास फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी उरकला. बरेचसे मराठी लोक चहा घेत टीव्हीवर ते पाहून आधी जुनं चित्रण लागलंय असंच समजले. २६ तारखेला न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी उघड मतदानाने, थेट प्रक्षेपणासह बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं, आणि चाचणीआधीच राजीनामा आला. उघड मोजणीचा नुसता आदेश पुरला.

१९९८ मध्ये उत्तर प्रदेशात जगदंबिका पाल आणि कल्याणसिंग असे दोन दावेदार एकाच वेळी होते. न्यायालयाने दोघांना सभागृहात समोरासमोर मोजलं: कल्याणसिंग २२५, पाल १९६.

११. २०२२ च्या महाराष्ट्र प्रकरणात न्यायालयाने राज्यपालांचं चुकलं म्हटलं, मग सरकार का टिकलं?

हा प्रश्न आजही सर्वाधिक येतो, म्हणून जरा सविस्तर.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आणि त्यांच्यासोबतचे आमदार आधी सुरतला, मग गुवाहाटीला गेले. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी उद्धव ठाकरे यांना ३० जूनला बहुमत सिद्ध करण्यास सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २९ जूनच्या रात्री स्थगिती नाकारली, आणि त्याच रात्री ठाकरेंनी राजीनामा जाहीर केला. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले, ४ जुलैला त्यांनी १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास जिंकला.

११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सरकारने विश्वास गमावला असं मानण्यासाठी राज्यपालांपुढे वस्तुनिष्ठ आधार नव्हता. पक्षातला अंतर्गत वाद मिटवायला बहुमत चाचणी हे साधन नव्हे. प्रतोद, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश आमदारांना देणारा, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ गटाचा नव्हे, म्हणून शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यताही बेकायदा ठरली. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून गेले होते. दिलेला राजीनामा न्यायालय रद्द करू शकत नाही. खुर्ची रिकामी झाल्यावर ज्याच्या मागे बहुमत दिसत होतं त्याला बोलावणं गैर नव्हतं. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी दोन्ही बाजूंच्या याचिका फेटाळल्या.

पायरी चुकली, पण त्यामुळे मिळालेलं फळ तसंच राहिलं, असा हा निकाल आहे. ज्यांना तो पटत नाही त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. मात्र एक मुद्दा ठाकरे समर्थक सहसा टाळतात: ठाकरे सभागृहात उभे राहिले असते, तर कोणी कोणाला मत दिलं हे आधी नोंदलं गेलं असतं आणि न्यायालयाला उलटवण्यासारखं काही हाती राहिलं असतं. १९९९ मध्ये वाजपेयी हरणार की जिंकणार हे शेवटपर्यंत कळत नव्हतं, तरी ते मतदानाला उभे राहिले. १९७९ मध्ये चरणसिंग राहिले नाहीत, आणि लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेले पंतप्रधान म्हणूनच इतिहासात उरले.

१२. पक्षांतरबंदी कायदा असताना आमदार असे सर्रास कसे फिरतात?

कायदा १९८५ चा. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर त्याला ‘फूट’ म्हणून माफी होती. २००३ मध्ये ती काढली. आता दोन तृतीयांशांच्या ‘विलीनीकरणा’ची सवलत उरली आहे. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी तीच वापरली, २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी पुन्हा वापरली. किरकोळ विक्रीला बंदी आणि घाऊक विक्रीला परवाना, असं या कायद्याबद्दल म्हटलं जातं ते यामुळे. शिवाय निवाडा करतात सभागृहाचे अध्यक्ष, जे बहुधा सत्ताधारी बाजूचे असतात आणि ज्यांच्यावर ठाम कालमर्यादा नाही.

कर्नाटकातलं २०१९ चं प्रकरण मात्र आम्हाला त्यातल्या त्यात स्वच्छ वाटतं. आमदारांच्या राजीनाम्यांनंतर कुमारस्वामी सरकार ९९ विरुद्ध १०५ मतांनी पडलं. बंडखोर अपात्र ठरले, पण न्यायालयाने त्यांना पोटनिवडणूक लढवायला मुभा दिली. डिसेंबरमध्ये १५ जागांवर मतदान झालं, १२ भाजपने जिंकल्या. राजीनाम्यांमागे काय काय होतं ते सोडा. निदान मतदाराला विचारलं तरी गेलं.

१३. मुख्यमंत्री तोच, पण साथीदार बदलले. याला नेतृत्वबदल म्हणायचं का?

नाव बदलत नाही म्हणून लोकांच्या लक्षात कमी येतं, पण कौलाच्या दृष्टीने हे अधिक गंभीर. बिहारमध्ये नितीशकुमार २०१५ मध्ये राजदबरोबर जिंकले, २०१७ मध्ये भाजपकडे गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये राजदकडे परतले, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा भाजपकडे. दर वेळी राजीनामा आणि पुन्हा शपथ. प्रश्न ५ मधली पहिली कसोटी इथे जशीच्या तशी लागू होते.

१४. काळजीवाहू सरकार मोठे निर्णय घेऊ शकतं का?

घटनेत ‘काळजीवाहू’ हा शब्दच नाही. लोकसभा विसर्जित झाली तरी मंत्रिमंडळ असलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितलं. मोठे धोरणात्मक निर्णय टाळावेत हा संकेत आहे, कायदा नाही. आणि परिस्थिती संकेताला विचारून येत नाही: एप्रिल १९९९ मध्ये पडलेल्या वाजपेयी सरकारनेच मे ते जुलैमध्ये कारगिलचं युद्ध लढलं.

१५. मुख्यमंत्री तुरुंगात गेला तर पद जातं का?

अटकेमुळे आपोआप जात नाही. जानेवारी २०२४ मध्ये हेमंत सोरेन यांनी अटकेआधी राजीनामा दिला, चंपई सोरेन आले आणि जामीन मिळाल्यावर हेमंत पुन्हा परतले. अरविंद केजरीवाल मार्च २०२४ मध्ये अटक झाल्यावरही मुख्यमंत्री राहिले. राजीनामा सप्टेंबरमध्ये, सुटकेनंतर दिला आणि आतिशी आल्या. गंभीर गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत असलेल्या मंत्र्याचं, मुख्यमंत्र्याचं वा पंतप्रधानाचं पद जावं, असं घटनादुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडून संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं. आमचा त्याला आक्षेप आहे: दोषी ठरण्याआधीच, तपास यंत्रणेच्या हाताने, सभागृहाचा विश्वास असलेला माणूस हटू शकेल.

१६. इतर देशांत यावर काय तोडगा आहे?

जर्मनीत चॅन्सेलरवर नुसता अविश्वास दाखवता येत नाही. त्याच ठरावात उत्तराधिकारी निवडावा लागतो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी अशा प्रकारे हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले. कोल यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी मुद्दाम विश्वासमत हरून मार्च १९८३ मध्ये निवडणूक घडवली आणि जिंकली. रचनात्मक अविश्वासाची ही पद्धत आपल्याकडे आणावी अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ मध्ये केली होती. ती तशीच पडून आहे.

ऑस्ट्रेलियात २०१० ते २०१८ मध्ये पक्षांतर्गत बंडांनी पंतप्रधान इतक्यांदा बदलले की लोक वैतागले. शेवटी पक्षांनीच आपले नियम कडक केले. ब्रिटनमध्ये ट्रस यांना पक्षसदस्यांची ८१,३२६ मतं होती. त्यांच्यानंतर आलेल्या ऋषी सुनक यांना तीही लागली नाहीत, कारण खासदारांत दुसरा उमेदवारच उरला नाही.

१७. सरपंच थेट लोकांतून निवडतात, मग मुख्यमंत्री का नाही?

थेट सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये रद्द झाला, २०२२ मध्ये परत आला. म्हणजे आपल्याच राज्याचं यावर एकमत नाही. ज्या गावांत सरपंच एका गटाचा आणि सदस्य दुसऱ्या गटाचे आहेत, तिथल्या लोकांना अडलेल्या ठरावांबद्दल विचारून पाहा.

मोठ्या पातळीवर हा प्रयोग इस्रायलने केला. पंतप्रधान थेट निवडायचा कायदा १९९२ मध्ये झाला, १९९६, १९९९ आणि २००१ मध्ये तसं मतदानही झालं. लोकांनी पंतप्रधानासाठी एक मत मोठ्या नेत्याला दिलं आणि संसदेसाठी दुसरं मत आपापल्या छोट्या पक्षाला. संसद आणखी विखुरली, पंतप्रधान आणखी अगतिक झाला आणि २००१ मध्येच कायदा मागे घेतला गेला. अमेरिकेतही थेट निवडीची खात्री पूर्ण नाही: १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड ना राष्ट्राध्यक्षपदावर निवडून आले होते, ना उपराष्ट्राध्यक्षपदावर.

१८. नेता बदलला की सहा महिन्यांत निवडणूक, असा सरळ नियम का करत नाहीत?

ऐकायला छान. पण मग निकामी मुख्यमंत्र्याला काढायला कोणताच आमदार धजावणार नाही, कारण स्वतःची जागाही पणाला लागेल. प्रश्न २ मध्ये सांगितलेला रोजचा हिशेब बंद पडेल. बदल पक्षातच झाला असेल तर मतदार पुढच्या निवडणुकीत न्याय करतातच, आणि तो एकाच साच्यातला नसतो: भूपेंद्र पटेलांना २०२२ मध्ये १८२ पैकी १५६ जागा मिळाल्या, पंजाबात अमरिंदरसिंगांच्या जागी चन्नी यांना आणणारी काँग्रेस काही महिन्यांत भुईसपाट झाली.

आमच्या मते त्यापेक्षा कमी खर्चाचा आणि अधिक उपयोगी नियम असा: नव्या मुख्यमंत्र्याने शपथेनंतर सात दिवसांत सभागृहात नावानिशी, थेट प्रक्षेपित मतदानाने विश्वास मिळवावा, आणि पक्ष किंवा आघाडी सोडून त्याला मत देणाऱ्या प्रत्येक आमदाराने, संख्या दोन तृतीयांश असो वा सगळीच्या सगळी, आपली जागा सोडून पोटनिवडणूक लढवावी.

१९. ‘एक देश, एक निवडणूक’ आली तर मधले बदल थांबतील का?

नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकानुसार विधानसभा मध्येच विसर्जित झाली तर नवी विधानसभा फक्त उरलेल्या मुदतीपुरती असेल. मुख्यमंत्री बदलण्याच्या पद्धतीला ते हातही लावत नाही. उलट दीड-दोन वर्षांसाठी निवडणूक लढवायचा खर्च कोणाला नको असतो. तेव्हा सभागृह विसर्जित करण्याऐवजी आहे त्याच आमदारांतून नवं बहुमत जुळवण्याचा मोह वाढेल, असा आमचा अंदाज आहे.